हस्ते परहस्ते

जुन्या शहरातल्या आमच्या घरात मधल्या खोलीच्या खुंटीला एक तार लटकत असे. वरच्या टोकाला आकडा, खाली लाकडाची गोल चकती आणि मधे पत्रांची चळत. पोस्टमनने टाकलेलं कार्ड आबा दोनदा वाचत. एकदा मनात, एकदा स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. मग तारेचं टोक कार्डाच्या बरोबर मधोमध खुपसून ते खाली सरकवून देत. आज ती कार्डं वाचताना प्रत्येकाच्या पोटात एक भोक दिसतं. भोकात एखादं-दुसरं अक्षर गेलेलं असतं, आणि नेमकं तेच अक्षर महत्त्वाचं होतं असं मला दर वेळी वाटत राहतं.

दुखवट्याचं कार्ड मात्र कधी तारेला लागलं नाही. ते वाचायचं, उंबऱ्याबाहेरच फाडायचं आणि आंघोळ करायची. त्यामुळे आमच्या तारेवर विश्वास ठेवायचा तर आमच्या नात्यात पन्नास वर्षांत कोणी मेलंच नाही. माणसं लिहिता लिहिता एकदम गप्प झाली, एवढंच.

ही तार गेली तीन वर्षं मला सारखी आठवते, कारण निवृत्त झाल्यावर मी एक उद्योग अंगावर घेतला. आमच्या भागात भजनी मंडळींचा एक लहानसा संप्रदाय आहे. त्याच्या मूळ पुरुषाला जाऊन खूप वर्षं झाली. त्यांनी ग्रंथ लिहिला नाही, पत्रं मात्र पुष्कळ पाठवली. ती गोळा करून पुस्तक काढायचं मंडळींनी ठरवलं आणि वाचणं, तारखा लावणं, उतरवून काढणं हे काम माझ्याकडे आलं. संप्रदायाचं नाव छापू नका अशी त्यांची विनंती आहे, आणि मला ती मान्य आहे. नावावाचून काही अडत नाही. वऱ्हाडात असे कितीतरी मठ-मंडळं आहेत, आणि प्रत्येकाच्या पेटीत अशीच कार्डं असणार.

पहिलाच चटका असा बसला की महाराजांच्या पत्रांत महाराजांचं अक्षर नाही. साठेक कार्डं जमली तेव्हा मी ती सतरंजीवर मांडली, तर पाच वेगवेगळी वळणं निघाली. एक अक्षर शाळामास्तराचं, गोल आणि शिस्तीचं. एक दुकानदाराचं, शिरोरेघेला लोंबकळणारं. एक तर इतकं कच्चं की एखाद्या चौथीतल्या पोराला बसवून लिहून घेतलं असावं. महाराज सांगत आणि जवळ असेल तो लिही. मंडळींना यात काही विशेष वाटलं नाही. मी मात्र दोन दिवस अस्वस्थ होतो. ज्याची पत्रं म्हणून आपण छापणार, त्याच्या हातची एक ओळ नाही!

मग लक्षात आलं की आपल्याकडे हे असंच चालत आलेलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे गुलाबराव महाराज घ्या. 6 जुलै 1881 चा जन्म, लोणी टाकळीचा. नऊ-दहा महिन्यांचे असतानाच दृष्टी गेली. 20 सप्टेंबर 1915 ला पुण्यात देह ठेवला तेव्हा वय चौतीस. एवढ्यात या माणसाने मधुराद्वैत नावाचं स्वतःचं दर्शन मांडलं, ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवून घेत संप्रदाय उभा केला आणि शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ रचले. त्यात अभंग आहेत, सूत्रं आहेत, भाष्यं आहेत, नाटक आहे, बायकांसाठी गाणी आहेत, प्रश्नोत्तरं आहेत आणि पत्रंही आहेत. हे सगळं तोंडी. लोक मोठ्याने वाचत, ते ऐकत. ते सांगत, लोक लिहून घेत. डार्विन आणि स्पेन्सर यांच्या मतांचा समाचार घ्यायचा तर तोही कोणीतरी आधी वाचून दाखवल्यावर. पुढे हे वाङ्मय ‘सूक्तिरत्नावली’ या मालेत निघालं. तिच्या खंडांना ‘यष्टी’ म्हणतात. यष्टी म्हणजे हाराचा सर. पण यष्टी म्हणजे काठीही. प्रज्ञाचक्षू म्हणवल्या गेलेल्या माणसाच्या ग्रंथांना हा शब्द निवडणाऱ्याच्या मनात दुसरा अर्थ डोकावला असेल का, हा माझा आपला रिकामपणचा विचार.

पण गंमत बघा. दृष्टी नसलेल्या त्याच माणसाने नावंग नावाची स्वतःची सांकेतिक भाषा तयार केली. लिपीची, चिन्हांची ओढ डोळ्यांवर अवलंबून नसावी.

आणखी एक नाव डोळ्यांपुढून हलत नाही. गाडगेबाबा. जन्म शेंडगावचा, 1876 चा, पण वाढले ते मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, मामाच्या घरी. म्हणजे आमच्या अकोला जिल्ह्यात. ढोरं राखली, मामाच्या शेतात राबले, शाळेचं तोंड पाहिलं नाही. आणि या निरक्षर माणसाने धर्मशाळा, गोरक्षणं, शाळा-वसतिगृहं यांचा केवढा पसारा उभा केला! पसारा म्हटला की कागद आलाच. जमिनीचे दस्त, देणग्यांचे हिशेब, चिठ्ठ्या, निरोप. तो सगळा दुसऱ्याच्या हातून. आपला कोणी शिष्य नाही आणि आपण कोणाचे गुरू नाही असं सांगणाऱ्या या माणसाला प्रत्येक कागदासाठी कोणाच्या तरी हाताची गरज पडत होती. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी 1952 साली त्यांचं चरित्र लिहिलं, पुढे गो. नी. दांडेकरांनीही लिहिलं. लिहिणारे मोठे मिळाले. पण एखाद्या धर्मशाळेच्या ओट्यावर बसून बाबांचं बोलणं कागदावर उतरवणाऱ्यांना आपण कधी मोजलं नाही.

समर्थांना तरी कल्याणस्वामी होते. दासबोध सांगितला रामदासांनी, लिहिला कल्याणांनी, आणि डोमगावच्या मठातल्या त्या कल्याणांच्या प्रतीवरून धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी 1905 साली तो छापला. देवांची मला या कामात फार सोबत झाली. वकिली करणारा हा माणूस 1893 साली सत्कार्योत्तेजक सभा काढतो आणि मग जन्मभर मठामठांतून बाडं, रुमाल, सुटे कागद गोळा करत हिंडतो. मठाधिपती काय सहज देत असतील? कागद दाखवला तर इनामाचं काहीतरी बाहेर येईल, भाऊबंदकी उकरली जाईल ही धास्ती प्रत्येक मठात. तरी देवांनी मिळेल ते घेतलं, आणि त्यात देवापेक्षा धान्याचा, उत्सवाच्या खर्चाचा, शेताच्या बांधाचा मजकूर असला तरी तो छापला. पुढे शिवाजी महाराज आणि समर्थ यांच्या भेटीचा वाद पेटला, तेव्हा दोन्ही बाजूंनी त्यांनी गोळा केलेल्या कागदांतूनच दारूगोळा नेला. एकेका तारखेवरून वीतभर लेख. चांगल्या संग्राहकाचं हेच नशीब. त्याच्या कोठारातून दोन्ही सैन्यं जेवतात.

तारखेवरून आठवलं. तारीख लावणं हा या कामातला सगळ्यात चिकट भाग. आमच्या महाराजांच्या कार्डांवर ‘चैत्र वद्य 3, गुरुवार’ एवढंच असतं. शक नाही, साल नाही. त्यांना त्याची जरूर काय? मग पंचांगं काढून बसायचं आणि कोणत्या वर्षी त्या तिथीला गुरुवार होता ते पाहायचं. दोन-तीन वर्षं हाती लागतात. त्यातून एक निवडायला पोस्टाचा शिक्का. शिक्का नीट उमटला असेल तर देव पावला. अधिक महिन्याचा उल्लेख सापडला तर मी चहा करून घेतो. अधिक श्रावण काही दरवर्षी येत नाही, त्यामुळे पत्र आपणहून जागेवर जाऊन बसतं.

पण शिक्क्याच्या वाटेत पोरं आडवी येतात. आमच्या लहानपणी तिकिटं जमवायचं खूळ होतं. कार्डावरचं छापील तिकीट पोरं कात्रीने चौकोनी कापून घेत. तिकिटाबरोबर शिक्का गेला, शिक्क्याबरोबर साल गेलं, आणि मागच्या बाजूच्या मजकुराच्या तीन ओळीही गेल्या. अशी अकरा कार्डं माझ्याकडे आहेत. दगडी भिंतीला खिडकी पाडावी तशी दिसतात. यातलं एक कार्ड मी स्वतःच कापलं असण्याची शक्यता आहे. आबांच्या तारेवर महाराजांची दोन कार्डं होती आणि माझी तिकिटांची वही सातवीपर्यंत होती.

कार्ड ही चीज मोठी गुणी. 1879 साली ती आली तेव्हा पाव आण्याला मिळायची. बंद पाकिटाची गुपितं तिला परवडत नाहीत. पोस्टमन वाचतो, शेजारी वाचतो, दारात बसलेला वाचतो. त्यामुळे कार्डावरचा उपदेश एकासाठी लिहिलेला असला तरी वाड्याने ऐकायचा असतो, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असतं. आमच्या महाराजांनी एका माणसाची दारू सोडवली ती अशा उघड्या कार्डांनी. एका शब्दाने दारूचा उल्लेख नाही. ‘संध्याकाळी भजनाला कोण कोण होते ते कळवावे’ एवढंच, दर आठवड्याला. गल्लीभर तो प्रश्न वाचला जायचा.

या गोळा करण्याच्या कामातला सगळ्यात अवघड प्रसंग मोर्णा नदीच्या अलीकडेच घडला, आमच्या घरापासून चार गल्ल्यांवर. श्रावणातला शेवटचा सोमवार होता. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन निघालेल्या कावडी राजराजेश्वराकडे येत होत्या. ढोल, गुलाल आणि खांद्याला खांदा. त्या दिवशी भेटायला जाणं हा माझाच मूर्खपणा. एका आजींच्या घरी दोन कार्डं आहेत असं कळलं होतं. होती, पण देवघरात. अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण यांच्या मागे भिंतीला टेकवून ठेवलेली, वर हळदीकुंकवाची बोटं, चंदनाचे ठिपके, खाली तेलाचा डाग. रोज पूजा होत होती. मजकूर निम्मा चंदनाखाली गेला होता.

मी म्हटलं, “आजी, दोन दिवसांसाठी नेतो. उतरवून घेतो आणि परत आणून देतो.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “बापू, तुमी घिऊन गेल्यावर मंग मी आरती कोनाची करू?”

याला उत्तर नव्हतं. मी गप्प बसलेला पाहून त्यांनाच दया आली असावी. म्हणाल्या, “फोटो काढा न. फोटो न्या. महाराज इथंच रायतीन.”

मोबाइलमध्ये फोटो काढला. आरती झाल्यावर, आणि जोडे बाहेर काढून, हात धुऊन. घरी येऊन तो मोठा करून वाचला. चंदनाखालून जेवढं दिसलं त्यात मोक्षाचा विषय नव्हता. म्हैस व्याली का, पऱ्हाटीला बोंडं किती आहेत, धाकट्याला देवी काढून घेतल्या का, नसल्यास उद्याच काढून घ्याव्यात, आणि येताना सरकीचं अर्धं पोतं आणावं. शेवटी अनेक आशीर्वाद. आजी आयुष्यभर त्या सरकीच्या पोत्याची आरती करत आल्या होत्या, आणि मला त्यात काही चुकलं असं वाटलं नाही. त्या धाकट्याला देवी काढल्या होत्या. तोच आता साठीचा होऊन बाहेर ओट्यावर कावडी पाहत उभा होता.

दुसऱ्या एका घरी मात्र मी पोचेपर्यंत उशीर झाला होता. सासऱ्यांची पेटी आवरताना ‘देवाचे कागद’ निघाले. देवाचे कागद रद्दीत कसे घालायचे? म्हणून गणपती विसर्जनाला निर्माल्याबरोबर मोर्णेत सोडले. सून मोठ्या समाधानाने सांगत होती. तिने आदरच केला होता. वाळवी, पूर आणि पोरं यांच्याइतकाच आपल्याकडे कागदाचा नाश आदराने केला आहे.

या सगळ्याच्या पुढे जाऊन विचार करायचा तर रिद्धपूरला जावं लागतं. माधानहून ते फार लांब नाही. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेल्यावर नागदेवाचार्य आणि मंडळी रिद्धपूरला जमली. मागे स्वामींनी लिहिलेलं काही नव्हतं, होत्या त्या आठवणी. त्या गोळा करायचं सराळ्याच्या म्हाइंभटांनी मनावर घेतलं. मोठा पंडित, एके काळी वादाला उभा राहणारा. तो आता गावोगाव जाऊन ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं त्यांना विचारू लागला. स्वामी इथे काय बोलले? काय जेवले? कोणत्या झाडाखाली बसले? ऐकलेलं नागदेवांकडून पडताळून घ्यायचं आणि मग नोंदवायचं. त्यातून लीळाचरित्र झालं. मराठीतला पहिला चरित्रग्रंथ आठवणी गोळा करणाऱ्या एका चिवट माणसाने केला, याचा आपल्याला पुरेसा अभिमान नाही असं माझं मत आहे.

आणि त्यांच्या कामाची एक रीत मी आमच्या मंडळींपुढे हात जोडून ठेवली. महानुभावांच्या पोथ्यांत पाठभेदाला ‘वासना’ म्हणतात. एकाने असं सांगितलं, दुसऱ्याची वासना अशी, दोन्ही शेजारी शेजारी. एक खरं ठरवून दुसरं पुसून टाकलं नाही. परंपरा सांगते की खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी गेली आणि मग हिराइसांसारख्यांच्या पाठांतरातून ती पुन्हा उभी करावी लागली. स्मरण वेगवेगळं, म्हणून पाठ वेगवेगळे. पुढे चौदाव्या शतकात सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ही पोथ्यांची संपत्ती कुलूपबंद झाली, ती विसाव्या शतकात राजवाड्यांसारख्यांनी उलगडेपर्यंत. हरि नारायण नेन्यांनी लीळाचरित्र छापायला घेतलं, आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या नरवेलच्या वि. भि. कोलत्यांची मोठी प्रत 1978 साली निघाली, तिच्यावरूनही वादळ उठलं. श्रद्धावंतांना वाटतं, हे कशाला छापलं? अभ्यासकाला वाटतं, हे कसं गाळायचं? सातशे वर्षांनीही भांडण तेच.

आमच्या मंडळींचंही तेच. बैठकीत एक ज्येष्ठ सद्‌गृहस्थ म्हणाले, “ही महाराजांची पत्रं म्हणायची की किराण्याची यादी? बोधाचं तेवढं घ्या, सरकी-म्हैस काढून टाका.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी गांधीजींचं उदाहरण दिलं. त्यांचं समग्र वाङ्मय गोळा करायचं काम 1956 ला सुरू झालं आणि 1994 ला संपलं तेव्हा इंग्रजीत शंभर खंड भरले. त्यात शेळीच्या दुधाच्या, पोटाच्या तक्रारीच्या, मातीच्या पट्ट्यांच्या चिठ्ठ्या किती असतील! पुढे सुधारून काढलेल्या आवृत्तीतून काही नोंदी गळाल्याचं अभ्यासकांच्या ध्यानात आलं, ओरड झाली आणि ती आवृत्ती सरकारला मागे घ्यावी लागली. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे घ्या. 1911 च्या डिसेंबरपासून पुढचे तीनेक महिने ते शिर्डीला होते. रोजनिशीत पहाटे किती वाजता उठलो, कोण आलं, कोण गेलं असली साधी नोंद आहे. साईबाबांनी स्वतः काही लिहून ठेवलं नाही, म्हणून आज त्या साध्या नोंदीला किती मोल आलं आहे. चमत्कार सांगायला पुष्कळ जण असतात, पहाटेची वेळ लिहून ठेवणारा एखादाच.

सद्‌गृहस्थ म्हणाले, “गांधीजींची गोष्ट वेगळी.” मग चहा आला. अर्धं मी जिंकलो, म्हणजे सरकी राहिली आणि म्हैस गेली. असं कसं, ते विचारू नका. बैठकांत असंच होतं.

खरा पेच पुढे आला, तो शेवटच्या ओळींचा. ज्याने पत्र लिहून दिलं त्याने शेवटी आपला नमस्कार घालायचा अशी जुनी चाल. ‘लिहिणाऱ्याचा सर्वांस नमस्कार.’ काही जण नाव घालतात, काही घालत नाहीत. मजकूर टाइप करणाऱ्या मुलाने त्या ओळी सरसकट सोडल्या होत्या. ‘सर, त्या महाराजांच्या नाहीत.’ बरोबरच होतं त्याचं. मीही आधी दुर्लक्ष केलं.

एक कार्ड आहे. शिक्का शाबूत, मूर्तिजापूरचा. महाराजांचा मजकूर नेहमीचा. येथील सर्व क्षेम, प्रकृती उत्तम, चिंता नसावी, सप्ताहाला येऊ. अक्षर त्या गोल वळणाच्या मास्तरांचं. मजकूर संपला, आशीर्वाद झाले, आणि मग कार्ड आडवं धरून, कडेच्या अर्ध्या बोटाच्या जागेत, त्याच शाईने, मुंगीएवढ्या अक्षरात तीन ओळी. भिंगाशिवाय वाचता येत नाहीत. महाराजांस आठ दिवस ताप आहे. त्यांनी हे लिहू नका असं सांगितलं आहे. तरी कोणीतरी यावं.

त्या मुलाने पाठवलेल्या मुद्रितात हे पत्र ‘सप्ताहाला येऊ’ वर संपत होतं. त्याखाली अर्धं पान कोरं होतं. मी पेन्सिल काढली आणि मास्तरांच्या तीन ओळी तिथे उतरवून घेतल्या, आणि समासात टाइप करणाऱ्यासाठी लिहिलं, या ओळी लहान टाइपात, पण ठेवाव्यात.